तीन दिवसांच्या बाळाने कुठली गोळी मनाने घेतली होती?

डिसेंबर २०२५च्या अखेरीस ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी अँटिबायोटिकचा विषय काढला. न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग अशा आजारांवर ही औषधं कमकुवत ठरू लागली आहेत, हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा निष्कर्ष त्यांनी सांगितला. लोक विचार न करता या गोळ्या घेतात हे त्यामागचं मोठं कारण आहे, असं ते म्हणाले आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका, असं आवाहन त्यांनी केलं. त्या निमित्ताने विषय घरोघरी पोचला, हे चांगलंच झालं. आवाहनात चूक काही नाही. चूक आहे ती या आवाहनापाशी येऊन थांबणाऱ्या विचारात, आणि तो विचार एकट्या पंतप्रधानांचा नाही. वैद्यकीय परिसंवादांत, वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत, दर नोव्हेंबरात लागणाऱ्या जागृती सप्ताहाच्या फलकांवर वर्षानुवर्षं तोच ऐकू येतो: आपले लोक बेशिस्त आहेत, सर्दी झाली की केमिस्टकडे पळतात, दोन दिवसांत बरं वाटलं की कोर्स अर्धवट सोडतात, म्हणून जंतू शिरजोर झाले. तेव्हा लोकांचं प्रबोधन करा.

हे म्हणणं मला मान्य नाही. लोक मनाने औषधं घेतात हे खरं आहे, आणि ते थांबायला हवं हेही खरं. पण देशावर आलेल्या या संकटाचं मूळ तिथे शोधणं हे चुकीचं निदान आहे. या निदानाचा एक मोठा फायदा मात्र आहे. त्यामुळे ज्यांच्या हातात अधिकार, पैसा आणि कायदा आहे त्या सगळ्यांची सुटका होते आणि दोष पेशंटच्या माथी बसतो.

दिल्लीतल्या तीन मोठ्या सरकारी रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात एक अभ्यास झाला. तिथे जन्मलेल्या आणि अतिदक्षता विभागात ठेवाव्या लागलेल्या १३,५३० बाळांवर डॉक्टरांनी लक्ष ठेवलं. त्यांतल्या दर शंभरामागे चौदाहून अधिक बाळांना रक्तातला जंतुसंसर्ग झाला. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश संसर्ग जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांतले होते. सर्वांत जास्त आढळलेला जंतू होता ॲसिनेटोबॅक्टर, आणि त्याचे ८२ टक्के नमुने अनेक प्रकारच्या प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. हा अभ्यास २०१६मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला.

या बाळांनी कुठली गोळी मनाने घेतली होती? कुठला कोर्स अर्धवट सोडला होता? ज्या जीवाने अजून आईचं दूधही नीट प्यायलेलं नाही, त्याच्या रक्तात असा जंतू येतो तो प्रसूतीच्या टेबलावरून, नीट न उकळलेल्या साधनांतून, सक्शनच्या नळीतून, ओल्या राहिलेल्या बेसिनमधून, एका पाळण्याकडून दुसऱ्या पाळण्याकडे धावणाऱ्या हातांतून. एका नर्सच्या वाट्याला ती सांभाळू शकते त्याहून कितीतरी जास्त बाळं असतील, तर दर वेळी हात धुवायला ती वेळ कुठून आणणार? त्या वॉर्डाला हवे आहेत चोवीस तास वाहतं पाणी, पुरेशा नर्सेस, निर्जंतुकीकरणाची चालू यंत्रणा आणि कुठल्या वॉर्डात कोणता जंतू वाढतो आहे हे दर आठवड्याला सांगणारी प्रयोगशाळा. जागृतीचा फलक तिथे काहीही करू शकत नाही.

वॉर्डाबाहेरची गोष्टही वेगळी नाही. दिल्लीत उपचार घेतलेल्या एका स्वीडिश रुग्णात २००८मध्ये सापडलेल्या जंतूतून एक नवं जनुक ओळखलं गेलं आणि शास्त्रज्ञांनी त्याला ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’ म्हणजे एनडीएम-१ असं नाव दिलं. कार्बापेनेम गटातली, म्हणजे एरवी शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवलेली औषधं हे जनुक निकामी करतं. ऑगस्ट २०१०मध्ये ते भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधल्या रुग्णांत आढळल्याचा शोधनिबंध आला, तेव्हा आपल्याकडे गदारोळ उठला तो राजधानीच्या नावावरून. भारताचा वैद्यकीय पर्यटनाचा धंदा बुडवण्याचा हा डाव आहे, असंही बोललं गेलं. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या पाण्याच्या नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रस्त्याकडेला, गल्लीबोळांत साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या ५०पैकी दोन नमुन्यांत ते जनुक होतं. म्हणजे ज्याने आयुष्यात एकही अँटिबायोटिक घेतलेलं नाही असा माणूसही नळाचा पेला तोंडाला लावून हे जंतू पोटात घेऊ शकतो. त्याला कसलं प्रबोधन करणार?

आता ‘आपण भारतीय फार गोळ्या खातो’ या समजुतीकडे येऊ. २०१९च्या खासगी बाजारातल्या विक्रीचा एक तपशीलवार अभ्यास २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण आकडा प्रचंड आहे, कारण आपण प्रचंड आहोत. पण दर हजार माणसांमागे रोजचा वापर काढला तर तो १०.४ मात्रा इतका भरतो, आणि हे प्रमाण युरोपीय देशांच्या सरासरीहून कमी आहे. तरीही त्या देशांत जंतूंचा प्रतिकार आपल्यापेक्षा कितीतरी आटोक्यात आहे. हे कोडं उलगडणारा एक अभ्यास २०१८मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये आला होता. अनेक देशांची आकडेवारी शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं की प्रतिकाराचं प्रमाण औषधांच्या वापराच्या प्रमाणाशी फारसं जुळत नाही. ते जुळतं सांडपाणी, स्वच्छता यांसारख्या पायाभूत सोयींशी आणि कारभाराच्या दर्जाशी. गटारं आणि कारभार! या दोन्ही गोष्टी पेशंटच्या हातात नाहीत.

त्याच भारतीय अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. बाजारात विकल्या गेलेल्या प्रतिजैविकांपैकी जवळपास निम्मी, ४७.१ टक्के, अशी होती की त्यांच्या त्या मिश्रणाला किंवा त्या रूपाला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यताच नव्हती. एका गोळीत दोन-दोन अँटिबायोटिक एकत्र कोंबलेली ही मिश्रणं राज्यांच्या परवान्यांवर बनतात, कंपन्यांचे प्रतिनिधी ती डॉक्टरांपर्यंत नेतात आणि डॉक्टर ती लिहून देतात. पेशंट फक्त पैसे मोजतो. या साखळीत बेशिस्त कोण, हे वाचकांनीच ठरवावं.

‘डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या’ या वाक्यामागे एक गृहीतक आहे: डॉक्टरचा सल्ला म्हणजे योग्य सल्ला. मुंबईने या गृहीतकाची परीक्षा फार पूर्वी घेतली आहे. १९९१मध्ये डॉ. मुकुंद उपळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्याने खासगी डॉक्टरांना विचारलं की क्षयाच्या रुग्णाला तुम्ही कोणती औषधं द्याल. शंभर डॉक्टरांनी ऐंशी वेगवेगळ्या पद्धती लिहिल्या. जवळपास वीस वर्षांनी उपळेकरांसह डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी धारावीच्या परिसरात पुन्हा तेच केलं. १०६ डॉक्टरांनी ६३ पद्धती लिहिल्या आणि बरोबर चिठ्ठी लिहिणारे निघाले सहा. या दोन अभ्यासांच्या मधल्या काळात क्षयाचा राष्ट्रीय कार्यक्रम होता, मार्गदर्शक पुस्तिका होत्या, जागृतीही भरपूर होती. खासगी डॉक्टरांची चिठ्ठी पडताळून पाहणारं मात्र कुणी नव्हतं.

आता गडचिरोलीकडे पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या ३९ गावांत जेमतेम शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. श्वास मोजायचा, बाळाचं वजन करायचं, दूध ओढणं मंदावलं आहे का पाहायचं, रडणं क्षीण झालं आहे का ऐकायचं, ठरलेल्या खुणा एकत्र दिसल्या तर घरच्यांना दवाखान्यात न्यायला सांगायचं आणि ते शक्य नसेल तर घरीच उपचार सुरू करायचे. उपचार कुठले, तर तोंडावाटे को-ट्रायमॉक्सॅझोल आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन. ही दोन्ही प्रतिजैविकं आहेत. प्रत्येक मात्रेची नोंद व्हायची आणि वरचा पर्यवेक्षक ठरावीक दिवसांनी ती नोंद तपासायचा. या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ने तो निबंध छापला आणि पुढे तो जगभर अभ्यासला गेला.

धारावीतल्या डॉक्टरांकडे पदव्या होत्या. गडचिरोलीतल्या आरोग्यदूतांकडे नियम, सराव, नोंदवही आणि ती वही वाचणारा माणूस होता. प्रतिजैविकं सुरक्षित ठेवायला काय लागतं, याचं याहून स्पष्ट उत्तर मला ठाऊक नाही. ‘आपले लोक अडाणी आहेत’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे दोन अभ्यास शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

नोंदवहीचा विषय निघालाच आहे तर औषधाच्या दुकानातल्या नोंदवहीविषयीही बोललं पाहिजे. २०११च्या राष्ट्रीय धोरणात प्रतिजैविकांच्या विक्रीवर कडक बंधनं घालणारी एक नवी अनुसूची सुचवली होती. ती विरोधापुढे मागे पडली. मग २०१३मध्ये तिची सौम्य आवृत्ती, अनुसूची एच-१, अधिसूचित झाली आणि १ मार्च २०१४पासून लागू झाली. तिच्यात २४ प्रतिजैविकं आणि क्षयाची औषधं आहेत. या औषधांच्या वेष्टनावर लाल चौकटीत इशारा असतो. दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं.

कल्पना चांगली होती. पण हे रजिस्टर जातं कुठे? कुठेच नाही. ते दुकानातच राहतं, निरीक्षक आला तर दाखवण्यासाठी. त्यातल्या नोंदींची बेरीज जिल्ह्याला कळवायची कुठलीही सक्ती नाही. सांगली शहरात गेल्या महिन्यात सेफिक्झिमची विक्री अचानक वाढली का, नागपूरच्या कुठल्या भागात मेरोपेनेमची मागणी चढते आहे, हे प्रश्न विचारायला कुणी बसलेलंच नाही. औषध दुकानदारांच्या देशव्यापी संघटनेच्या म्हणण्यानुसार तिचे सदस्य बारा लाखांहून अधिक आहेत. दर दोनशे दुकानांमागे एक औषध निरीक्षक असावा, अशी शिफारस डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००३मध्ये केली होती. तिच्या जवळपासही आपण पोचलेलो नाही. अशा वेळी रात्री साडेनऊला तापाने फणफणलेलं पोर काखेत घेऊन काउंटरशी उभ्या राहिलेल्या बाईला चिठ्ठीशिवाय औषध मागितल्याबद्दल दोष देणं मला क्रूरपणाचं वाटतं. जवळचा सरकारी दवाखाना दुपारीच बंद झालेला असतो. खासगी डॉक्टरची फी म्हणजे तिची एका दिवसाची मजुरी असते. केमिस्टने तिला नाही म्हणावं असं वाटत असेल, तर त्या वेळी उघडा असलेला दवाखाना तिला द्यावा लागेल.

सगळ्या खात्यांना एका दिशेने चालवणारा राष्ट्रीय समन्वय नसला की काय होतं, हे महाराष्ट्राला समजण्यासाठी दिल्लीला जायची गरज नाही. सोलापूर, सांगोला, मालेगाव, सटाणा या पट्ट्यातल्या डाळिंबाच्या बागांत जावं. तेल्या हा जिवाणूजन्य रोग आला की फळावर काळपट तेलकट डाग पडतात, फळ तडकतं आणि हाताशी आलेला बहार जातो. या रोगापायी शेतकऱ्यांनी उभ्या बागा उपटून टाकल्या आहेत. त्यावर वर्षानुवर्षं मारलं जाणारं औषध म्हणजे स्ट्रेप्टोसायक्लीन. कृषी सेवा केंद्रातून त्याची लहानशी पुडी आणायची, ड्रममधल्या पाण्यात कॉपर ऑक्सिक्लोराइडबरोबर कालवायची आणि पंपाने झाडं धुऊन काढायची. पावसाळी, ढगाळ हवेत अशा फवारण्या एकामागून एक होतात. त्या पुडीत नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन असतं आणि एक भाग टेट्रासायक्लीन. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं पहिलं परिणामकारक औषध. आपल्या क्षय कार्यक्रमात अनेक वर्षं, पहिल्या उपचारांनी बरं न झालेल्या रुग्णांना त्याचीच इंजेक्शनं दिली जात. आणि स्ट्रेप्टोसायक्लीन बनवते कोण? पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. १९५४मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, गरिबांना पेनिसिलिन मिळावं म्हणून उभी राहिलेली देशाची ही पहिली सरकारी औषध कंपनी.

म्हणजे एक रेणू आणि तीन मंत्रालयं. आरोग्य मंत्रालय तो रेणू क्षयरोग्यांसाठी जपायला सांगतं. कृषी मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या नोंदणीवर तो पिकांसाठी विकला जातो. रसायन मंत्रालयाच्या अखत्यारीतली कंपनी तो बनवते. डिसेंबर २०२१मध्ये कृषी मंत्रालयाने शेतीतला त्याचा वापर टप्प्याटप्प्याने संपवण्याचा मसुदा आदेश काढला. त्यात वापर पूर्ण थांबवण्यासाठी २०२४ची मुदत होती. पण मुदत घालून देणं म्हणजे पर्याय देणं नव्हे. तेल्याने बाग जाणार आहे हे दिसत असताना सांगोल्याच्या शेतकऱ्याने पुडी बाजूला ठेवावी अशी अपेक्षा असेल, तर त्याच्या हातात दुसरं काहीतरी ठेवावं लागेल: रोगमुक्त कलमं, छाटणीचं आणि बागेच्या स्वच्छतेचं शास्त्र, विम्याचं संरक्षण. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरातच आहे. त्या केंद्राचं काम क्षयाच्या लढाईचाच भाग आहे, असं मानून त्याला कुणी पैसा आणि माणसं दिली तर चित्र बदलेल.

हे स्वप्नरंजन नाही. नॉर्वेतल्या सॅमन माशांच्या शेतीत १९८७मध्ये जवळपास ५० टन प्रतिजैविकं ओतली जात होती. माशांना होणाऱ्या जिवाणूजन्य रोगांवर लसी आल्या, सरकारने आणि उत्पादकांनी मिळून त्या सगळीकडे पोचवल्या आणि दहा वर्षांच्या आत तो वापर दोन टनांखाली आला. त्याच काळात माशांचं उत्पादन मात्र वाढतच गेलं.

उद्योगांच्या बाबतीत तर आपल्याकडे साधी इच्छाही दिसत नाही. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथे सुमारे नव्वद औषध कारखान्यांचं सांडपाणी एकत्र शुद्ध केलं जात होतं. २००७मध्ये स्वीडनच्या योआकिम लार्सन यांच्या गटाने ‘शुद्ध’ होऊन बाहेर पडणाऱ्या तिथल्या पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात एका लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन सापडलं. हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतकं नसतं. एका दिवसात सुमारे ४५ किलो सिप्रोफ्लॉक्सॅसिन तिथून ओढ्यात जात होतं, आणि एवढं औषध सगळ्या स्वीडनला पाच दिवस पुरलं असतं. त्यानंतर तेरा वर्षांनी, जानेवारी २०२०मध्ये, पर्यावरण मंत्रालयाने कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला. असं करणारा जगातला पहिला मोठा देश होण्याची संधी आपल्यापुढे होती. ऑगस्ट २०२१मध्ये अंतिम नियम आले तेव्हा त्यांतून त्या मर्यादा वगळलेल्या होत्या. ज्या सरकारच्या आरोग्य खात्याला आजीबाईने उरलेली गोळी घेऊ नये असं वाटतं, त्याच सरकारच्या दुसऱ्या खात्याने कारखान्यांना मोकळीक दिली. समन्वय नाही, असं मी म्हणतो ते यासाठी.

यावर सर्वांत भारदस्त आक्षेप घटनेच्या नावाने घेतला जातो. आरोग्य हा राज्यांचा विषय, पशुसंवर्धन राज्यांचा, अन्न व औषध प्रशासन राज्यांचं. मग केंद्र काय करणार? घटना मीही मानतो. पण हीच घटना अस्तित्वात असताना १९९२मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, उभी राहिली. पुढे राज्याराज्यांत एड्स नियंत्रण सोसायट्या आल्या आणि त्यांना स्वतःचा निधी मिळाला. मुंबईला तर स्वतंत्र सोसायटी मिळाली. याच घटनेखाली पोलिओचा प्रत्येक संशयित रुग्ण गावपातळीवर शोधला गेला, त्याच्या विष्ठेचा नमुना प्रयोगशाळेत पोचला आणि मार्च २०१४मध्ये आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. क्षयाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. मे २०१२मध्ये क्षयरुग्णाची नोंद खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाली. सुरुवातीला ती नावालाच होती. मग जिल्ह्याजिल्ह्यात माणसं नेमली, नोंदणी ऑनलाइन केली, पेशंटला आणि डॉक्टरला काही मदत मिळू लागली. २०२३मध्ये नोंदल्या गेलेल्या सुमारे साडेपंचवीस लाख क्षयरुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश खासगी क्षेत्रातून आले. राज्यांचा विषय असणं तिथे आड आलं नाही, कारण तिथे एक जबाबदार अधिकारी, एक निधी आणि एक आकडा होता.

प्रतिजैविकांच्या बाबतीत आपण नेमकं हेच केलं नाही. पहिला राष्ट्रीय कृती आराखडा २०१७मध्ये आला, २०२१पर्यंतचा. कागदावर तो उत्तम होता. माणूस, जनावर, शेती, पर्यावरण सगळं त्यात होतं. प्रयोगशाळांच्या जाळ्यासाठी थोडा पैसा आला आणि त्या जाळ्याने चांगलं कामही केलं. पण राज्यांच्या आराखड्यांसाठी हक्काचा निधी नव्हता, आणि न करणाऱ्याला जाब विचारणारं कुणी नव्हतं. परिणामी ती पाच वर्षं सरली तेव्हा आराखडा जाहीर केलेली राज्यं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. दुसरा आराखडा, २०२५ ते २०२९चा, नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर झाला आहे. त्यात मंत्रालयांना आपापली कामं आणि मुदती वाटून दिल्या आहेत. मी त्याचं मनापासून स्वागत करतो. पण मुदत पाळली नाही तर काय, याचं उत्तर जोवर कायद्यात नाही, तोवर हाही कागदच राहील.

केरळने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. २०१८मध्ये देशातला पहिला राज्य आराखडा त्यांनी आणला. आरोग्य, पशुसंवर्धन, मत्स्यव्यवसाय, अन्नसुरक्षा, प्रदूषण नियंत्रण यांना एका टेबलाशी बसवलं. राज्यात कुठला जंतू कुठल्या औषधाला दाद देतो, याचा तक्ता ते प्रसिद्ध करू लागले, त्यामुळे प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरला अंदाजाने औषध देण्याची गरज कमी झाली. मग २०२४मध्ये त्यांनी चिठ्ठीशिवाय प्रतिजैविकं विकणाऱ्या दुकानांवर धाडी घातल्या. क्रम लक्षात घ्या. आधी खाती एकत्र आली, मग तक्ते आले, आणि धाडी शेवटी पडल्या.

सक्ती केली तर गरिबाला औषधच मिळणार नाही, ही भीती मात्र खरी आहे आणि ती बाळगणाऱ्यांना मी विरोधक मानत नाही. २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतासह आठ देशांतले कार्बापेनेमला न जुमानणारे संसर्ग पाहिले गेले. त्यांतल्या जेमतेम ६.९ टक्के रुग्णांना योग्य औषध मिळालं होतं. म्हणजे एकीकडे नको तिथे औषधांचा सुकाळ आणि दुसरीकडे हवं तिथे दुष्काळ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७पासून प्रतिजैविकांची तीन गटांत वर्गवारी केली आहे: सहज उपलब्ध असावीत अशी, जपून वापरायची, आणि अखेरची म्हणून राखून ठेवायची. पहिला गट आशाताईंपर्यंत, उपकेंद्रापर्यंत मोकळेपणाने पोचावा आणि तिसऱ्या गटाच्या प्रत्येक मात्रेचा हिशेब ठेवावा. गडचिरोलीने दाखवलेली वाट हीच आहे.

नवी औषधं येतील आणि प्रश्न सुटेल, या आशेबद्दल फार लिहीत नाही. मुंबईच्या वोक्हार्टने विकसित केलेलं नॅफिथ्रोमायसिन हे पहिलं स्वदेशी म्हणून गौरवलं गेलेलं प्रतिजैविक २०२४मध्ये आलं, याचा मलाही अभिमान आहे. पण ते याच वॉर्डांत, याच दुकानांत आणि याच गटारांच्या देशात वापरलं जाणार आहे.

२०१९ या एका वर्षात भारतात अंदाजे २ लाख ९७ हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे झाले, आणि दहा लाखांहून अधिक मृत्यूंशी त्यांचा संबंध होता. एवढी माणसं दरवर्षी जात असताना या लढाईला नॅकोसारखी निधीने आणि त्याबरोबर कायद्यानेही बळकट अशी एक राष्ट्रीय यंत्रणा हवी, हे मागणं फार मोठं नाही. तिने प्रत्येक राज्याला निधी द्यावा आणि त्याचा हिशेब जाहीर मागावा. मोठ्या खासगी रुग्णालयांना त्यांच्या संसर्गाचे आणि प्रतिजैविक-वापराचे आकडे कळवणं बंधनकारक करावं. एच-१चं रजिस्टर ऑनलाइन आणून त्याची जिल्हावार बेरीज दर महिन्याला प्रसिद्ध करावी. कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांच्या वगळलेल्या मर्यादा परत आणाव्यात. फवारणीचं औषध काढून घेण्याआधी शेतकऱ्याला पर्याय द्यावा. आणि हे सगळं होत असताना प्रबोधनही खुशाल करावं.

वाचकांकडे माझी एक विनंती आहे. कोर्स पूर्ण करा हे तुम्हाला पुष्कळांनी सांगितलं आहे, ते पाळाच. त्याबरोबर तुमच्या आमदाराला एक पत्र लिहा. विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात त्यांनी एवढाच तारांकित प्रश्न विचारावा, अशी मागणी त्यात करा: प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंविरुद्ध महाराष्ट्राचा आराखडा काय आहे, अर्थसंकल्पात त्यासाठी किती रुपये ठेवले आहेत आणि त्या कामाला जबाबदार असलेल्या अधिकाऱ्याचं नाव काय?